मदत हवी आहे: आईला वाचून दाखवायला पुस्तकं सुचवा

मंडळी, मी चोपड्याचा. बाबा गेले तेव्हापासून आईचं बोलणंच बंद झालं होतं, तव्यावरची भाकरी करपून धूर निघायचा तरी तिला कळायचं नाही. शेवटी जळगावला एका समुपदेशक ताईंकडे नेलं. त्यांनी पहिल्या दिवशी सल्ला असा काही दिलाच नाही, पाऊण तास नुसतं ऐकलं, आणि आई आठ महिन्यांत पहिल्यांदा मोकळं रडली. आम्ही घरचे तर "रडू नको" म्हणून तिला गप्पच करत होतो, त्याचं आता फार वाईट वाटतं.

गोळ्या चालू आहेत, त्या चालूच ठेवणार. पण ताई म्हणाल्या रोज थोडं वाचून दाखवा. मग आसोद्याच्या बहिणाबाईंच्या कविता आणल्या, त्यांनाही तरुणपणीच वैधव्य आलेलं आणि भाषा आपल्या घरातली, आई मधेच हात धरते, "हे परत वाच" म्हणते आणि मग स्वतःचं काहीतरी सांगायला लागते.

आता पुढे काय वाचू? गावाकडचं, सोपं, मोठ्या अक्षरांचं असेल तर बरं, मोतीबिंदूमुळे तिला स्वतःला बारीक अक्षर दिसत नाही. दुःखाचं वाचलेलं चालतं का? आणि ती बोलत असताना मला मधे बोलायची, समजवायची सवय आहे, ती कशी मोडू? कोणी या सगळ्यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.