भरदुपारचा ध्रुवीय प्रकाश आणि चुंबकाचे हेलकावे

प्रश्न (दारव्हा तालुका, शिक्षिका)
नमस्कार. ध्रुवीय प्रकाशाचा (ऑरोराचा) व्हिडिओ दाखवला, तर नववीतली एक पोरगी म्हणाली, "मॅडम, हे दुपारी नाही दिसत का?" शोधलं, तर उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर दिसतो! डिसेंबरात तिथे सूर्य उगवतच नाही, दुपारीही अंधार. त्याच वेळी तिथल्या चुंबकमापकावर हेलकावे येतात म्हणे. मग प्रकाशामुळे हेलकावे, की हेलकाव्यांमुळे प्रकाश? तिला अर्धवट सांगायचं नाही.

उत्तर (पुसद)
ताई, पोरीला शाबासकी द्या. दोघांचं मूळ बहुतेक वेळा एकच, सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा झोत. त्याचा दाब बदलला की पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा शेताच्या तारकुंपणासारख्या थरथरतात. लांब तार सावकाश, आखूड तार भरभर. १५० ते ६०० सेकंदांच्या हेलकाव्यांना पीसी-५ म्हणतात. तीच लाट इलेक्ट्रॉन खाली ढकलते आणि प्रकाशाचा पट्टा त्याच तालात उजळतो. पण गोष्ट इथेच थांबत नाही. इलेक्ट्रॉन पडले तिथली वरची हवा जास्त विद्युतवाहक होते, प्रवाह वाढतो, आणि जमिनीवरचं चुंबकमापक आणखी हलतं. म्हणून दोन्ही बाजू खऱ्या.

१० ते ४५ सेकंदांचे पीसी-३ वेगळे. पृथ्वीसमोर सौरवारा अडतो तिथे धक्कालाट तयार होते; तिच्यावरून सौरवाऱ्यातले काही आयन उलटे फिरतात, तिथे त्या लाटा जन्मतात.

रंगाकडे मात्र नीट बघा. दुपारचा प्रकाश जास्त करून लाल, ६३० नॅनोमीटरचा, साधारण २५० किलोमीटर उंचीवरचा. उत्तेजित झालेला ऑक्सिजनचा अणू तो लाल प्रकाश सोडायला शंभरेक सेकंद घेतो. वीस सेकंदांची लुकलुक त्यात पुसली जाते. ५५७.७ चा हिरवा एका सेकंदाच्या आत सुटतो. जलद ताल तिथेच शोधायचा.

उत्तर (मेहकर)
आपल्या मोबाइलच्या कंपासवर दिसन का हे?

उत्तर (पुसद)
नाही भाऊ. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) वर आणि हे हेलकावे बहुधा थोड्याच नॅनोटेस्लाचे. मोबाइलला पत्ताच लागत नाही.

प्रश्नकर्ती
खूप आभार, दादा. म्हणजे दोन्ही आलेखांचा ताल जुळला की नातं पक्कं धरायचं?

उत्तर (पुसद)
एवढ्यावर नको. सौरवाऱ्याचं आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र थांबून थांबून जोडलं जातं, त्यानेही काही मिनिटांच्या अंतराने पट्टे उजळून ध्रुवाकडे सरकतात. चढ-उतार एकमेकांशी बराच वेळ बांधलेले राहतात का, ते पाहा. स्वालबार्डमधल्या लाँगइयरब्येन गावाची चुंबकीय दुपार (पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांच्या हिशेबाने ते गाव सूर्यासमोर येण्याची वेळ) आपल्या घड्याळात अडीचच्या सुमारास होते. डिसेंबरात शाळेतूनच तिथला आलेख वर्गाला उघडून दाखवा.