पिक्सारचं काय बिनसलं: गोष्टी आटल्या की प्रेक्षकांची सवय मोडली?

सांजखेळ (धागाकर्ता)

पिक्सार या डिस्नीच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या १९९५ पासूनच्या चित्रपटांची जगभरातली कमाई ओळीने मांडून बघितली. 'टॉय स्टोरी' ३७ कोटी डॉलरच्या आसपास, 'फाइंडिंग नेमो' (२००३) ८७ कोटी, 'टॉय स्टोरी ३' (२०१०) १०० कोटींच्या पुढे, 'इन्क्रेडिबल्स २' (२०१८) १२४ कोटी. अधेमधे खाचखळगे आहेत, पण रेघ चढती. मार्च २०२० मध्ये 'ऑनवर्ड' लागला, थिएटरं बंद झाली आणि तो १४ कोटींवर अडकला. त्याला कुणाचाच इलाज नव्हता.

खरी चूक त्यानंतरची. 'सोल', 'लुका' आणि 'टर्निंग रेड' हे तिन्ही चित्रपट डिस्नीने अमेरिकेत थेट डिस्नी प्लसवर, म्हणजे घरबसल्या बघायच्या आपल्या स्ट्रीमिंग सेवेवर टाकले. 'टर्निंग रेड' आला मार्च २०२२ मध्ये. तोवर 'स्पायडर-मॅन: नो वे होम' थिएटरांतून १८० कोटींच्या वर कमावून बसला होता! म्हणजे लोक थिएटरात येत होते, पिक्सारच तिथे नव्हतं. माझं ठाम मत आहे की गोष्टी आटलेल्या नाहीत. पिक्सार घरी बघायचं असतं, हे डिस्नीनेच लोकांना शिकवलं.

तिसरी घंटा

साफ असहमत. 'द गुड डायनासोर' २०१५ चा. ३३ कोटींच्या आसपास कमाई, बजेटच १७ कोटींच्या वर. थिएटरवाल्यांचा वाटा आणि जाहिरातींचा खर्च वजा केला की तोटाच उरतो. तेव्हा डिस्नी प्लसचा पत्ताही नव्हता, ते आलं नोव्हेंबर २०१९ मध्ये.

आणि तुमच्या चढत्या रेघेतली शिखरं कोणती, तेही बघा. १०० कोटी ओलांडणारे पिक्सारचे चित्रपट म्हणजे 'टॉय स्टोरी ३', 'फाइंडिंग डोरी', 'इन्क्रेडिबल्स २', 'टॉय स्टोरी ४' आणि 'इनसाइड आउट २'. सगळे पुढचे भाग, एकही नवी गोष्ट नाही. रेघ चढत होती ती जुन्या पुण्याईवर.

हिशेबनीस

दोघेही १९९५ चा डॉलर आणि आजचा डॉलर एकाच तराजूत घालताय. तेव्हाच्या एका डॉलरचे आज दोनाच्या वर होतात. म्हणजे 'टॉय स्टोरी'चे ३७ कोटी आजचे ७५ कोटींच्या आसपास. पिक्सारच्याच 'एलिमेंटल'चे (२०२३) ४९ कोटी त्यापुढे फिकेच.

माझ्या मते खरं दुखणं खर्चाचं आहे. 'एलिमेंटल'चं बजेट २० कोटी. इल्युमिनेशन या दुसऱ्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओने 'मिनियन्स' (२०१५) साडेसात कोटींच्या आत बनवला आणि ११५ कोटी मिळवले. तिकिटाच्या पैशातला साधारण निम्माच स्टुडिओच्या हाती येतो, परदेशात त्याहून कमी. २० कोटींचा चित्रपट ४० कोटींना सुटला असं समजणं म्हणूनच चूक आहे.

सांजखेळ

@हिशेबनीस, खर्चाचा मुद्दा मान्य. पण खर्च जास्त असला म्हणून प्रेक्षक तिकीट काढायचा थांबत नाही. मी प्रेक्षकाबद्दल बोलतोय.

@तिसरी घंटा, 'इनसाइड आउट' (२०१५) आणि 'कोको' (२०१७) या नव्याच गोष्टी होत्या की! दोघांनीही ८० कोटी ओलांडले. मग २०१७ पर्यंत चालणारी नवी गोष्ट २०२३ मध्ये का अडखळली?

'एलिमेंटल'चेच अमेरिकेतले आकडे घ्या. पहिल्या शनिवार-रविवारपर्यंत जेमतेम ३ कोटी, सगळ्यांनी लगेच फ्लॉप म्हणून शिक्का मारला. शेवटी तिथेच १५ कोटींच्या वर गेला, म्हणजे सुरुवातीच्या पाचपट. असं फक्त लोकांनी एकमेकांना सांगूनच होतं. गोष्ट आवडली होती, पहिल्या दिवशी जायची सवय तेवढी उरली नव्हती.

तिसरी घंटा

मग हाच हिशेब पिक्सारच्या 'लाइटइयर'ला (२०२२) लावा. सुरुवात ५ कोटी, अमेरिकेतला शेवट १२ कोटींच्या आत. अडीचपटही नाही. लोक गेले, बघितलं आणि इतरांना सांगितलं नाही. इथे सवय कुठे आली? हा सरळ गोष्टीचा दोष.

आणि सवय मोडली असती तर 'इनसाइड आउट २'ने २०२४ मध्ये १६९ कोटी कुठून आणले?

सांजखेळ

'लाइटइयर' फसला, त्याची बाजू मी घेणारच नाही. पण 'इनसाइड आउट २'नंतर वर्षभरातच 'एलिओ' आला आणि त्याची सुरुवात झाली सुमारे २ कोटींनी, पिक्सारच्या इतिहासातली सगळ्यात कमी. ओळखीचं नाव असलं की लोक तिकीट काढतात, अनोळखी असलं की घरी येईपर्यंत थांबतात. नवीन गोष्टीसाठी थांबायचं, हे थेट डिस्नी प्लसवर आलेल्या त्या तीन चित्रपटांनी शिकवलं, कारण तिन्ही नव्याच गोष्टी होत्या.

हाच स्टुडिओ एकेकाळी उलट वागला होता. 'टॉय स्टोरी २' मुळात थेट व्हिडिओवर काढायचा ठरला होता. तो निर्णय फिरवून १९९९ मध्ये थिएटरात आणला आणि त्याने पहिल्या भागापेक्षा जास्त कमावलं.

तिसरी घंटा

पण तोही दुसराच भाग होता. नव्या गोष्टीचं उदाहरण द्या, २०१७ नंतरचं, पहिल्याच आठवड्यात चाललेलं. मला सापडत नाहीये.