मदत हवी आहे: सोलापुरातील अफगाण कुटुंबाला आश्रयासाठी अर्ज कसा करता येईल?

नमस्कार. विजापूर रस्त्यावरील आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक अफगाण दांपत्य लहान मुलीसह भाड्याने राहते. पती येथे शिष्यवृत्तीवर एम.एस्सी. करतो आणि त्याच्या विद्यार्थी व्हिसाची मुदत या उन्हाळ्यात संपते. पत्नी हेरातमध्ये मुलींच्या शाळेत शिकवत असे. २०२१ मध्ये तालिबानने सहावीच्या पुढे मुलींचे शिक्षण बंद केल्यावर तिने घरी शिकवणी सुरू ठेवली आणि त्यावरून धमक्या येऊ लागल्या. परत जाण्याच्या विचारानेच ती खचते.

मला आतापर्यंत समजले ते असे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी व श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांचे काम सरकार स्वतः पाहते, तर अफगाण, म्यानमारी आदींची नोंदणी दिल्लीतील यूएनएचसीआरचे (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेचे) कार्यालय करते. एका परिचिताने सीएएचा (नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचा) मार्ग सुचवला, परंतु हे कुटुंब मुस्लिम असल्यामुळे तो त्यांना लागू होत नाही. दरम्यान एक एजंट पैसे घेऊन ‘निर्वासित कार्ड’ मिळवून देतो म्हणतो आहे.

आधी दिल्लीला जावे की येथील पोलीस आयुक्तालयात? कार्ड मिळाले म्हणजे राहण्याची परवानगी मिळाली असे होते का? कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

ताई, मी काही वर्षे निर्वासितांना कायदेविषयक मदत करण्याचे काम केले आहे. त्या एजंटला एक रुपयाही देऊ नका, कारण यूएनएचसीआरची नोंदणी, मुलाखत आणि कार्ड हे सर्व विनामूल्य असते.

कार्ड आणि वास्तव्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणीच्या वेळी कुटुंबातील सर्वांचे फोटो व बोटांचे ठसे घेतात आणि आश्रय मागणारे म्हणून कागद देतात. खरा निर्णय त्यानंतरच्या सविस्तर मुलाखतीवर ठरतो. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी कोणत्या कारणाने छळाची भीती आहे, हे तेथे पाहतात. आपण लिहिले त्यावरून मुख्य धोका पत्नीला आहे. अशा वेळी बहुतेक कुटुंबांत नवराच सगळे बोलतो आणि बाईची हकिगत दोन वाक्यांत उरकली जाते. तिची मुलाखत स्वतंत्र आणि दरी भाषा जाणणाऱ्या दुभाष्यासह घ्यावी, अशी विनंती आधीच लेखी करा. शाळेचे ओळखपत्र, नेमणुकीचे पत्र, धमकीचे संदेश जे असेल ते जपा. संदेश मूळ फोनमध्येच, तारखेसह राहू द्या. कागद नसला तरी अर्ज करता येतो, पण प्रत्येक वेळी सांगितलेल्या हकिगतीत मेळ हवा. अर्ज नाकारला गेल्यास ३० दिवसांत अपील करता येते.

वास्तव्याचा निर्णय मात्र सरकारचाच असतो. केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ डिसेंबर २०११ रोजी ठरवलेल्या कार्यपद्धतीनुसार, छळाची भीती सकृद्दर्शनी खरी वाटल्यास दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी शिफारस होते. तो एका वेळी एक वर्षाचा असून पुढे वाढवता येतो आणि त्यावर खासगी नोकरी व शिक्षण दोन्ही शक्य असते. म्हणून दिल्लीचा अर्ज आजच सुरू करा आणि व्हिसाची मुदत संपण्यापूर्वीच ई-एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांच्या ऑनलाइन नोंदणीच्या) संकेतस्थळावरून, तसेच आयुक्तालयातील परदेशी नागरिक नोंदणी विभागात, लेखी कळवा. मुदत उलटून राहणे हा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याखालीही गुन्हा आहे. अडचण आलीच, तर जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणारे घटनेचे कलम २१ परकीय व्यक्तीलाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे, हे वकिलाला सांगा.

धागाकर्ती:

मनापासून आभार. कर्नाटक एक्स्प्रेसची तिकिटे पाहते आहे. मुलीचा जन्म सोलापुरातच झाला आहे. तिचे वेगळे काही करावे लागेल का?

प्रतिसाद:

महानगरपालिकेचा जन्मदाखला घेतला नसेल तर आधी तो घ्या आणि नोंदणीच्या वेळी मूळ प्रत सोबत ठेवा. आई-वडील दोघेही परकीय असल्याने येथे जन्मूनही तिला भारतीय नागरिकत्व मिळत नाही, त्यामुळे तिचे नाव दोन्ही अर्जांत हवेच. आणि घरमालक या नात्याने आपला फॉर्म सी (परदेशी भाडेकरूची माहिती देणारा अर्ज) भरलेला आहे ना, तेही तपासा. परदेशी भाडेकरू राहायला आल्यापासून २४ तासांत तो द्यावा लागतो.