मदत हवी आहे: आयेल्ट्समध्ये फक्त रायटिंग अडलंय

मंडळी, भाचीचा आयेल्ट्स अकॅडमिकचा (परदेशी शिक्षणासाठीची इंग्रजीची परीक्षा) निकाल आलाय: लिसनिंग ७.५, रीडिंग ७, रायटिंग ५.५, स्पीकिंग ६.५. सरासरी ६.६२५, जवळचा अर्धा गुण धरतात म्हणून एकूण ६.५. कॉलेजला एकूण ६.५ चालतात, पण एकाही भागात ६ च्या खाली नको. गाडी तिथंच अडलीय. रायटिंग ६ झालं तर सरासरी ६.७५, म्हणजे एकूण थेट ७!

परीक्षा कॉम्प्युटरवर दिली होती, त्यामुळं ६० दिवसांच्या आत एकच भाग पुन्हा देता येतो. पण असा निकाल सगळी कॉलेजं घेत नाहीत. तुमच्यापैकी कुणाच्या कॉलेजनं घेतला? कॉलेजला मेलवर नेमकं काय विचारलंत?

दुसरं, कोल्हापुरात राजारामपुरी किंवा शाहूपुरीत निबंध ओळीनं ओळ तपासून देणारं कुणी आहे का? पाठ करून घेणारे क्लास नकोत, घोकलेला मजकूर परीक्षकाला लगेच कळतो. रायटिंगमधल्या पहिल्या प्रश्नावर, म्हणजे आलेखावर, तिचा निम्मा वेळ जातो आणि दुसरा २५० शब्दांचा निबंध, ज्याला दुप्पट वजन आहे, तो अर्धवट राहतो. दुसरा आधी लिहिला तर चालतंय का? २०-४० मिनिटांची वाटणी कशी जमवलीत?