उपेक्षित, दुर्लक्षित की विस्मृत?

प्रश्न :
स्थानिक इतिहासातल्या, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या स्त्रियांची ओळख करून देणारे काही फलक लिहायचं काम अंगावर घेतलं आहे. वर एक शीर्षक हवंय. मसुद्यात कुणी ‘उपेक्षित’ लिहिलंय, कुणी ‘दुर्लक्षित’, कुणी ‘विस्मृतीत गेलेल्या’, तर कुणी ‘काळाच्या पडद्याआड गेलेल्या’. हे चारही शब्द मला एकाच अर्थाचे वाटत नाहीत, पण फरक नेमका पकडता येत नाहीये. शिवाय नावाआधी ‘अमुक यांच्या पत्नी’ लिहावं की नाही, यावरून आमच्यात दोन तट पडलेत. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद :
‘काळाच्या पडद्याआड’ आधी काढा. मराठीत त्याचा रूढ अर्थ ‘वारल्या’ एवढाच आहे, आणि दोष सगळा काळावर जातो.

‘विस्मृत’ म्हणायला आधी स्मरण असावं लागतं. ताराबाई शिंदे यांना तो शब्द चपखल बसतो. त्यांचं ‘स्त्री पुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ साली छापलं गेलं, जोतीराव फुल्यांनी त्याची दखल घेतली, मग ते नजरेआड झालं आणि १९७५ मध्ये पुन्हा छापलं गेल्यावर लोकांच्या हाती आलं. पण जिची नोंदच कुणी केली नाही, तिला विस्मृत कसं म्हणणार? तिथे सरळ ‘नोंद नसलेल्या’ म्हणावं.

‘उपेक्षा’ म्हणजे उप + ईक्ष्. ईक्ष् म्हणजे पाहणे. दिसत असून सोडून देणं, असा त्याचा भाव आहे, म्हणजे पाहणाऱ्यावर ठपका आहे. तो मला हवासा वाटतो. अडचण एकच : ‘शोषित, उपेक्षित’ अशा जोडीने वापरून वापरून या शब्दाला कीव चिकटली आहे. फलक वाचणाऱ्याला ती बाई बिचारी वाटेल, आणि ती तशी नव्हती म्हणून तर तुम्ही फलक लावताय.

‘दुर्लक्षित’ त्या मानाने कोरडा आहे, म्हणून बरा. पुरावा समोर आहे आणि आपण पाहिला नाही, अशा ठिकाणी तो शोभतो. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात, पण वर ब्राह्मीत कोरलेली नावं वाचता येतात. त्यात एका जोडीवर ‘देविनायनिकाय रञो च सिरिसातकनिनो’ असं आहे. आधी देवी नायनिका, मग ‘आणि’, मग राजा. आपण पाठ करतो ते मात्र सातकर्णीचं नाव.

प्रतिसाद :
वरच्या मताशी सहमत. नात्याच्या प्रश्नाबद्दल माझे दोन शब्द.

बेडसे लेण्यातल्या पाण्याच्या टाक्यावर एक दानलेख आहे. त्यात क्रम असा : महाभोजाची (ही वडिलांची पदवी) ‘बालिका’, म्हणजे मुलगी, महादेवी, महारठिनी (या तिच्या पदव्या), मग तिचं नाव, सामडिनिका, मग ‘देयधम’, म्हणजे दान, आणि अगदी शेवटी ‘आपदेवणकाची बितियिका’. बितियिका म्हणजे दुसरी, सोबतीण, पत्नी. नवरा लेखात आहे, पण दान सांगून झाल्यावर. त्यामुळे नातं लिहूच नये, या मताचा मी नाही. ते कुठे लिहायचं, एवढाच प्रश्न आहे.

आणि काही जणींनी नातं स्वतःच उचललंय. सोयराबाई अभंगात स्वतःला ‘चोखियाची महारी’ म्हणवते, जनाबाई ‘नामयाची जनी’. ही त्यांची नाममुद्रा आहे, तिच्यावर आपला हात चालवायचा नाही. पण फलकावर आपण ‘चोखोबांच्या पत्नी सोयराबाई’ असं सुरू केलं, की ती मुद्रा राहत नाही, ओळखपत्र होतं. म्हणून आधी नाव, मग काम, मग हवं तर नातं.

प्रश्नकर्ती :
खूप आभार. शीर्षकात ‘दुर्लक्षित’ ठेवते आणि नावांचा क्रम बदलते. हे वाचल्यावर मसुदा पुन्हा चाळला, तर विशेषणांपेक्षा क्रियापदांनीच जास्त घात केलाय असं दिसलं. पुरुषांनी ‘उभारले’, ‘स्थापन केले’, आणि बायकांनी ‘हातभार लावला’, ‘मोलाची साथ दिली’. शाळेत रोज शिकवणारीसुद्धा आमच्या मसुद्यात ‘साथ’च देत होती!

प्रतिसाद :
ताई, हे लाखमोलाचं बोललात. ‘साथ दिली’ दिसलं की थांबून विचारावं, नेमकं केलं काय? फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिने १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तिथे ‘लिहिला’ हेच क्रियापद हवं, ‘चळवळीत सहभाग घेतला’ नव्हे.

एक बारकावा जाता जाता. मराठीत खोदणे वेगळं, खोदवणे वेगळं. सामडिनिकेने टाकं ‘खोदवलं’, तिच्या पदरी साधन होतं. जिने दगड फोडले, माती वाहिली, तिच्यासाठी ‘खोदलं’ हेच लिहा. तुमच्या फलकांवर दोन्ही प्रकारच्या बायका असतील, तर प्रत्येक ओळीत हा ‘व’ तपासून घ्या.

प्रश्नकर्ती :
तपासला. दोन ठिकाणी ‘बांधवली’ लिहिलं होतं, तिथे ‘बांधली’ हवं होतं. दुरुस्त करून छपाईला देते.