व्हिएतनाममध्ये कारखाने जोरात, मग तिथल्या शेअर बाजारात पैसे लावावेत का?

भोसरीकर:
नमस्कार मंडळी. भोसरीत माझं प्रेस टूल्सचं, म्हणजे पत्र्याचे पार्ट काढायच्या साच्यांचं, छोटं युनिट आहे. परवा ग्राहकाच्या परचेसवाल्याने ऐकवलं, "व्हिएतनामचा भाव तुमच्यापेक्षा खाली येतोय, बघा काय करता ते." म्हटलं, काम तिकडे चाललंच असेल तर निदान थोडा पैसा तरी तिकडे असावा. अमेरिकेत लिस्ट झालेला व्हिएतनामचा ईटीएफ (तिथल्या बऱ्याच शेअर्सचा एकत्र फंड, शेअरसारखा विकत मिळणारा) एलआरएसमधून, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून, घेता येतो म्हणे. कोणी घेतलाय का?

हायफाँगचा पाहुणा:
मोल्डच्या (साच्यांच्या) कामामुळे मी उत्तर व्हिएतनाममधल्या हायफाँग-बाक निन्ह पट्ट्यात राहतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

इथले कारखाने वेगळे आणि इथला शेअर बाजार वेगळा. सॅमसंग 2008 मध्ये बाक निन्हला आली, मग थाय न्गुयेनला. आज देशाच्या निर्यातीतला 70 टक्क्यांहून जास्त वाटा परदेशी कंपन्यांचा आहे. पण सॅमसंगचा शेअर सोलला, आणि इथे इलेक्ट्रॉनिक्स जोडणाऱ्या फॉक्सकॉनचा तैपेईला, लक्सशेअरचा शेनझेनला. हो ची मिन्हच्या शेअर बाजाराच्या निर्देशांकात वजन कुणाचं? बँका आणि बिल्डर. तुम्ही मोबाइलची निर्यात म्हणून विकत घ्याल आणि हातात येतील विनहोम्स या बिल्डरचे फ्लॅट!

आमच्या शॉपफ्लोअरवर मशीन कोरियन, मोल्डचं स्टील चीनमधून आलेलं, क्यूसीचा (माल तपासणीचा) साहेबही कोरियन. स्थानिक कंपनीकडून येतात खोके आणि छापील लेबलं. खरा स्थानिक पैसा गेटाबाहेर दिसतो. बाक निन्हमधल्या येन फोंगला भातखाचरं जाऊन तिथे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्यात. एकेका खोलीत दोन-तीन पोरी, एक दिवसपाळीला, एक रातपाळीला. कालचा शेतकरी आज वीजमीटर वाचत भाडं वसूल करतो. हा पैसा कुठल्याच ईटीएफमध्ये नाही.

एसआयपीवाला:
इतकंही टोकाचं नाही हो. औद्योगिक वसाहती उभारणारी किन्ह बाक, बंदरं चालवणारी जेमाडेप्ट, पोलादातली होआ फाट, या लिस्टेड आहेत. शिवाय ऑक्टोबर 2025 मध्ये एफटीएसई रसेल या निर्देशांक बनवणाऱ्या कंपनीने व्हिएतनामच्या बाजाराला फ्रंटियरमधून (अगदी नवख्या बाजारांच्या गटातून) वरच्या इमर्जिंग गटात घ्यायचं जाहीर केलं, सप्टेंबर 2026 पासून. पण काळीज घट्ट हवं. 2022 मध्ये निर्देशांक साधारण तिसरा हिस्सा पडला होता. एप्रिल 2025 मध्ये ट्रम्पनी व्हिएतनामच्या मालावर 46 टक्के टॅरिफ (आयात शुल्क) पुकारलं तेव्हाही दाणादाण उडाली. जुलैत ते 20 वर आलं, पण दुसऱ्या देशाचा माल व्हिएतनाममार्गे फिरवून पाठवला तर 40 ठरलं होतं. आणि एलआरएसमधून वर्षाला 10 लाखांच्या वर पाठवलं तर वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (आगाऊ कर) बँक कापते, तो रिटर्नमध्ये समायोजित होतो, पण तोवर पैसा अडकतो.

भोसरीकर:
म्हणजे ईटीएफ राहू दे. पण शेजाऱ्यांचं काय? थायलंड, कोरिया यांचंही काम गेलंच असेल ना?

हायफाँगचा पाहुणा:
गेलं तर! पॅनासोनिकने 2020 मध्ये थायलंडमधलं फ्रिज-वॉशिंग मशीनचं उत्पादन हनोईजवळ हलवायचं ठरवलं. एलजीने 2019 मध्ये कोरियातली फोनची लाइन हायफाँगला आणली. कोरियातलं गुमी हे सॅमसंगच्या फोनचं गाव. तिथले छोटे व्हेंडर एक तर मागोमाग इकडे आले, नाही तर बंद पडले. पण इथेही सगळं गोड नाही. जून 2023 मध्ये धरणं आटली, उत्तरेत कारखान्यांची वीज गेली. घाईघाईने 500 केव्हीची नवी वीजवाहिनी ओढून 2024 च्या ऑगस्टमध्ये चालू केली. असं काम वर्षभरात उरकतात, हे मात्र मानलं पाहिजे.

भोसरीकर, तुमच्या परचेसवाल्याकडून तो भाव फोडून मागा: टूल किती, पत्रा किती, पॅकिंग, वाहतुकीचं भाडं, ड्युटी. टूल बहुतेक वेळा चीनचंच असतं, आणि दुरुस्तीला परत तिकडेच जातं. नुसत्या पार्टच्या भावावर भांडू नका. टूल मेंटेनन्स धरून तीन वर्षांचा हिशेब त्याच्यासमोर ठेवा.

भोसरीकर:
हे पटलं. सोमवारी भावाचा ब्रेकअप मागवतो, आला की इथेच टाकतो.