ऑन्टॅरियोचे बिल डेव्हिस नक्की कसले कन्झर्व्हेटिव्ह?

प्रश्न: कॅनडात प्रांताचं राजकारण वाचतोय. डेव्हिस १९५९ ला आमदार, १९७१ ते ८५ प्रीमियर (म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री), पण कामं बघितली तर डाव्यांची वाटतात, असं कसं?

उत्तर १: अहो तिथला पक्षच प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह, खर्चाला नाही म्हणत नव्हता. १९६२ पासून शिक्षणमंत्री, कम्युनिटी कॉलेजं त्यांच्याच काळात उभी राहिली, मला तर हेच त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं. प्रीमियर झाल्या झाल्या टोरांटोतला स्पॅडायना एक्सप्रेसवे (शहरातून जाणारा महामार्ग) थांबवला, काम सुरू झालं होतं तरी, आणि वस्त्या वाचल्या!

उत्तर २: १९८४ ची कॅथलिक हायस्कूलना पूर्ण अनुदानाची घोषणा विसरू नका, स्वतःचेच प्रोटेस्टंट मतदार भडकले, आणि ८५ ला त्यांनी पद सोडल्यावर पक्षाची ४२ वर्षांची सत्ताच गेली.